मापात पाप

आमच्या सासऱ्यांना वर्तमानपत्रांतल्या चमत्कारिक बातम्यांची कात्रणे वहीत चिकटवून ठेवण्याचा छंद आहे आणि ती वही उघडल्याशिवाय नौपाड्यातल्या आमच्या घरात सकाळचा चहा होत नाही. २०१४ साली फ्रान्सच्या रेल्वेची बातमी आली, तेव्हा ती त्यांनी आम्हाला दोनदा वाचून दाखवली होती. तिथे मागवलेल्या नव्या गाड्या इतक्या रुंद निघाल्या, की सुमारे १३०० फलाटांच्या कडा तासून घेण्याची पाळी आली आणि त्या कामाचा खर्च ५ कोटी युरोंच्या घरात गेला. कारण तर फारच मासलेवाईक होते. रूळ सांभाळणाऱ्या संस्थेने गाड्या चालवणाऱ्या संस्थेला दिलेली मापे गेल्या तीसेक वर्षांत बांधलेल्या फलाटांची होती. त्याहून जुने, अरुंद गाड्यांच्या काळातले फलाट मोजायला कोणी गेलेच नव्हते. "अरे, एक माणूस टेप घेऊन पाठवायचा होता!" असे म्हणत सासरे डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले होते. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ज्या ठाण्यापर्यंत धावली, त्या ठाण्याचे आपण रहिवासी, हा अभिमानही त्या हसण्यात थोडा मिसळलेला होता.

गेल्या दसऱ्याला याच गृहस्थांनी सासूबाईंसाठी शिसवी लाकडाचे एक कपाट घ्यायचे ठरवले. त्यासाठी त्यांनी भिंत तीन वेळा मोजली, पंख्याच्या पात्यांपासून कपाटाचे दार किती लांब राहील तेही मोजले, घराचा दरवाजा आणि त्याबाहेरचे सेफ्टी डोअर यांची मापे वेगवेगळी घेतली आणि कात्रणांच्या वहीच्या मागच्या पानावर पेन्सिलीने नीटस आकृती काढून ठेवली. कपाट आले. आमची इमारत तीन मजल्यांची, बिनलिफ्टची आणि आम्ही तिसऱ्या मजल्यावर. दोन हमालांनी ते पहिल्या मजल्यापर्यंत विनासायास चढवले आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे कठड्याच्या टोकाला लाकडाचा एक वाटोळा गोळा आहे, तिथे ते असे बसले की ना वर सरके ना खाली येई. जिना मोजायचा राहिला होता.

पुढचा पाऊण तास इमारतीतल्या प्रत्येक दारातून सल्ले येत होते. "तिरपं घ्या," "आडवं करा," "आधी दारं काढा," असे सांगणाऱ्यांपैकी हात कोणीच लावत नव्हते, हे ओघाने आलेच. समोरच्यांच्या मुलाचे दप्तर कपाटाखालच्या फटीतून पलीकडे सरकवण्यात आले आणि मागोमाग तोही रांगत गेला. सासरे कपाटाच्या वरच्या बाजूला अडकले होते, तर बाजारातून परतलेल्या सासूबाई भाजीची पिशवी घेऊन खालच्या बाजूला उभ्या होत्या. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग अगदी शांतपणे त्यांनी खालून विचारले, "अहो, फ्रान्समध्ये शेवटी काय केलं होतं?" वरून उत्तर आले नाही.

गॅलरीला ग्रिल असल्यामुळे दोराने बाहेरून चढवण्याचा विचार सोडून द्यावा लागला आणि कपाट शेवटी तळमजल्यावरच्या काकूंच्या रिकाम्या खोलीत गेले. ते आजही तिथेच आहे. आमच्या गोधड्या आणि सासूबाईंच्या पैठण्या त्यात राहतात, त्यामुळे घरचे लग्नकार्य निघाले की आम्हाला आधी काकूंकडे किल्ली मागावी लागते.

दिवाळीत पाळी माझ्यावर आली. सासूबाई नणंदेकडे डोंबिवलीला गेल्या होत्या आणि मी त्यांना फोनवर विचारून चकल्यांचे पीठ भिजवले. चार वाट्या भाजणीला एक वाटी कडकडीत तेलाचे मोहन, असे त्यांनी सांगितले आणि मी आमटीच्या वाटीने दोन्ही मोजले. पहिली चकली कढईत सोडली, तर तिचे वेढे सुटे झाले, तेलावर फेस आला आणि बघता बघता चकलीच्या जागी नुसता भुगा तरंगू लागला. मोहन अतोनात झाले होते. सासूबाईंची मोहनाची वाटी म्हणजे देवघराजवळची तुपाची छोटी वाटी, हे घरात त्यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हते, कारण ते सांगण्यासारखे आहे असे त्यांना कधी वाटलेच नव्हते.

सासऱ्यांनी अर्थातच वही आणली. १९९९ साली मंगळाजवळ नष्ट झालेल्या अमेरिकी यानाच्या बाबतीत एका चमूचे आकडे पौंडांच्या हिशेबात होते आणि दुसरा चमू ते न्यूटनचे समजून वापरत होता. परिणामी यान ठरल्यापेक्षा फारच खालून, सुमारे ५७ किलोमीटर उंचीवरून गेले. १६२८ साली स्टॉकहोमच्या बंदरात पहिल्याच सफरीत सुमारे १३०० मीटर जाऊन बुडालेल्या वासा या युद्धनौकेवर तर सुतारांच्या चार मोजपट्ट्या सापडल्या आहेत, त्यांतल्या दोन १२ इंची फुटाच्या आणि दोन ११ इंची फुटाच्या. जहाज मुख्यतः वरच्या भारामुळे कलंडले, हे खरे. पण ते दोन्ही बाजूंना सारखे नव्हते, हेही तितकेच खरे. माझी बाजू घेण्यासाठी चारशे वर्षे मागे जाणारा सासरा मिळाला, याचे मला त्या तेलकट संध्याकाळी फार बरे वाटले.

पुन्हा घोटाळा नको म्हणून मी त्या छोट्या वाटीच्या बुडाला नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. सासूबाई डोंबिवलीहून परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी तो तारेच्या घासणीने घासून काढला. "वाटीला कसला तरी डाग पडला होता," त्या म्हणाल्या, "निघता निघत नव्हता."