पॅनेल दोन दिवसांत, नेट मीटर सात आठवड्यांनी

गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर बसवायला दोन दिवस लागले; नेट मीटर, म्हणजे घेतलेली आणि ग्रिडला दिलेली वीज वेगवेगळी मोजणारा मीटर, लागून ते सुरू करायला सात आठवडे. पीएम सूर्यघर या केंद्राच्या सोलर अनुदान योजनेचा अर्ज, मंजुरी, व्हेंडर निवडणं यात काहीच अडलं नाही. अडलं ते पॅनेल चढल्यावर.

काम झाल्याचा अहवाल पोर्टलवर भरताना प्रत्येक पॅनेलचा सिरियल नंबर द्यावा लागतो. अनुदान फक्त भारतात बनलेल्या सेलच्या, म्हणजे डीसीआर पॅनेललाच मिळतं आणि त्याचा दाखला त्या नंबरांवर निघतो. आमच्या सहांपैकी एका नंबरात शून्याच्या जागी इंग्रजी ओ पडला आणि अर्ज त्रुटी लावून परत आला. तो शेरा व्हेंडरच्या लॉगिनमध्ये पडून होता. वीज कार्यालयात मी तीन चकरा मारल्या, दर वेळी उत्तर एकच: ‘प्रोसेसमध्ये आहे.’ कुणी फाइल उघडून शेरा वाचून दाखवला असता, तर पाच मिनिटांचं काम होतं. याचा राग अजून गेलेला नाही.

नंबर पुन्हा बघायचा तर स्टिकर पॅनेलच्या पाठीवर, आणि पॅनेल गच्चीपासून जेमतेम दीड फूट वर. तोच नंबर बारकोडसह पुढच्या बाजूला काचेखालीही असतो, कडेला, बोटभर पट्टीत. सकाळी ऊन चढायच्या आत ओल्या फडक्यानं तेवढी कड पुसून तिरकस कोनातून फोटो काढला, तेव्हा शून्य स्पष्ट दिसलं. तुम्ही मात्र पॅनेल खाली असतानाच सगळ्या स्टिकरचे फोटो काढून ठेवा. क्लॅम्प बसला की काही वेळा काचेखालचा नंबरही झाकला जातो.

त्रुटी दूर झाल्यावर मीटर तपासणीसाठी पुन्हा थांबणं आलंच. या काळात ‘चालू करून टाका, कोण बघतंय’ असं सांगणारे भेटतील. ऐकू नका. साधे इलेक्ट्रॉनिक मीटर बरेचदा बाहेर जाणारी वीजही वापरातच धरतात. उलट बिल वाढतं. सोलरची वीज घराच्या लाइनला जोडणाऱ्या डब्यातला (एसीडीबी) एमसीबी स्विच पाडूनच ठेवा.

मीटर लागला त्या दुपारी डिस्प्लेवर एक्स्पोर्टचा, म्हणजे ग्रिडला दिलेल्या विजेचा आकडा हलताना पाहिला आणि जीव भांड्यात पडला. इम्पोर्ट-एक्स्पोर्ट दोन्हींच्या सुरुवातीच्या रीडिंगचा फोटो त्याच क्षणी काढा, पहिल्या बिलाशी ताडून बघायला लागतो. ३ किलोवॉटला चांगल्या उन्हात दिवसाला साधारण १२ युनिट धरा.

आधीच सांगायला हवं होतं ते दोन मुद्दे: अर्थिंगचे खड्डे तीन, डीसी (पॅनेलकडची बाजू), एसी (घराकडची बाजू) आणि आकाशातली वीज पडण्यापासून वाचवणाऱ्या वीजरोधकाचा वेगवेगळा; व्हेंडर दोनातच उरकत असेल तर काम थांबवा. आणि लाइट गेली की पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारा सोलरचा इन्व्हर्टरही बंद पडतो, लाइनवर काम करणाऱ्याला शॉक बसू नये म्हणून. तो बिघाड समजून फोन करू नका.

७८,००० रुपयांचं अनुदान यायचं असेल तर बँक खात्यावरचं नाव वीजबिलाशी अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. हे अर्ज भरण्याआधी.