पिंकुइयुना: ओयांतायतांबोच्या समोरच्या डोंगरावरचं कोठार

पेरूतल्या माचू पिक्चूला जाणारे बहुतेक लोक ओयांतायतांबोच्या स्टेशनवरून गाडी पकडतात. थोडा वेळ हाताशी असलेले पश्चिमेकडच्या टेकडीवरचा मोठा किल्ला बघतात, सूर्यमंदिराच्या सहा प्रचंड शिळांसमोर उभे राहतात आणि तिथूनच गाइड पलीकडच्या कड्याकडे बोट दाखवतो: "ती इंकांची कोठारं." झूम करून फोटो काढला जातो आणि मंडळी खाली उतरतात. त्या कड्याचं नाव पिंकुइयुना. तिथे चढून जायला तिकीट लागत नाही, पाऊण तास पुरतो, आणि आमच्या मते गावात एकच गोष्ट बघायची असेल तर ती हीच.

उच्चाराचं आधी सांगून टाकतो, कारण नकाशावर शोधताना घोळ होतो. स्पॅनिश लिपीत दोन 'एल' लागोपाठ आले की त्यांचा 'य' होतो. म्हणून ओल्लांताय नाही, ओयांताय. पिंकुयु हे बासरीच्या जातीचं लांब वाद्य, त्यावरून डोंगराचं नाव पडलं. कोठाराला केचुआ या इंकांच्या भाषेत 'कोल्का' म्हणतात. आपल्या 'कोठी'च्या इतका जवळचा शब्द पाहून गंमत वाटते, पण नातं काही नाही, निव्वळ योगायोग.

गाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,७९० मीटरवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहूनही हजार मीटरपेक्षा जास्त वर. पाटाकांचा नावाची छोटी नदी गावाजवळून वाहत जाऊन उरुबांबा नदीला मिळते. पाटाकांचाच्या पश्चिमेला किल्ला, पूर्वेला गाव, आणि गावाच्या पाठीशी पिंकुइयुना. कोठारं पश्चिमेकडे तोंड करून उभी आहेत, हे लक्षात ठेवा. वेळ ठरवताना उपयोगी पडेल.

आता मुख्य प्रश्न: धान्य पिकतं खाली दरीत, खातात खाली गावात, मग साठवायला एवढ्या उभ्या कड्यावर का न्यायचं? ठरलेलं उत्तर असं की वर गार असतं. अर्धं खरं आहे. शंभर मीटर चढलं की तापमान अर्ध्या-पाऊण अंशानेच उतरतं, तेवढ्यासाठी कोणी पाठीवर मक्याची पोती घेऊन कडा चढणार नाही. खरं कारण वारा. दिवस तापला की दरीतली हवा वर सरकते आणि दुपारनंतर हा कडा तिच्या वाटेत येतो. धान्याचा दाणा साठवणीतही श्वास घेतो, थोडी उष्णता आणि ओल सोडतो. ती ओल जागच्या जागी राहिली की बुरशी धरते, ढीग आतून गरम होतो आणि कीड लागते. कोठारातून वारा खेळत राहिला तर हे चक्र सुरूच होत नाही. याखेरीज उतारावर पाणी साचत नाही, नदीचा पूर तिथे पोचत नाही, चुलींच्या ठिणग्या लांब राहतात, आणि लागवडीची एक वीतही जमीन वाया जात नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे पटकन कळतं, कारण आपल्याकडे याच्या बरोब्बर उलटा प्रकार आहे. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं आठवा. जमिनीत खोल खड्डा, तोंड बंद, हवा कोंडलेली. आतला प्राणवायू संपतो आणि कीड मरते. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरत नाहीत. पेव हवा अडवून माल टिकवतं, कोल्का हवा खेळवून. अमुक एक श्रेष्ठ असं नाही, माती आणि हवामान ठरवतं. तीच कोल्का ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरावर बांधली तर जुलैत आतला मका आठवड्याभरात मोडावेल. कारण आपल्या पावसाळ्यातला वाराच ओला असतो.

रचनेच्या बाबतीत मात्र पन्हाळ्याचा अंबरखाना जास्त जवळचा. तिथल्या गंगा कोठीच्या प्रत्येक घुमटाला वर भोक आहे, धान्य छतावरून आत ओतायचं. पिंकुइयुनाला छतावर चढायची गरज नाही, डोंगराचा उतारच ते काम करतो. लांबट, अरुंद इमारती उताराला आडव्या, एकीवर एक टप्प्याने बांधल्या आहेत. डोंगराच्या बाजूच्या खिडकीतून धान्य ओतायचं, दरीच्या बाजूच्या खिडकीतून काढायचं. यात एक फायदा आपोआप मिळतो: आधी ओतलेला माल आधी बाहेर पडतो, जुना साठा तळाशी सडत राहत नाही. आजच्या गोदामात याच गोष्टीसाठी कागदी तक्ते लावावे लागतात.

वर पोचल्यावर सगळ्या इमारती धावत बघण्यापेक्षा एकाच खिडकीपाशी दहा मिनिटं थांबा. वरच्या बाजूने गेलात तर खिडकीचा उंबरा तुमच्या पायाजवळ येतो. तीच खिडकी आतून बघितली तर जमिनीपासून बरीच वर. हा फरक डोळ्याला दिसला की 'वरून ओता, खालून काढा' वेगळं समजवावं लागत नाही. मग भिंतीकडे बघा. दगड घडवलेले नाहीत, आसपासचे उचलून चिखलात बसवलेले आहेत. या बांधणीला 'पिर्का' म्हणतात. कुठे कुठे पिवळसर मातीचा गिलावा अजून धरून आहे. दारं-खिडक्यांच्या उघड्या जागा खाली रुंद, वर निमुळत्या. दोन्ही टोकांच्या त्रिकोणी भिंती अजून उभ्या आहेत, त्यांवरून छपराचा उतार किती तीव्र होता ते कळतं. छप्पर 'इचू' नावाच्या डोंगरी गवताचं असे, ते अर्थातच कधीच गेलं. दुपारी एका बाजूच्या खिडकीत उभं राहून समोरच्या खिडकीकडे तोंड करा. अंगावर येणारा झोत हीच त्या इमारतीतली चालती यंत्रणा, आणि ती अजून बंद पडलेली नाही.

समोरच्या किल्ल्यातले सहा दगड उरुबांबापलीकडच्या काचिकाता खाणीतून, काही किलोमीटरवरून आणलेले. गुलाबी ऱ्हायोलाइट हा ज्वालामुखीचा दगड, सांध्यात नख शिरणार नाही असे. तेच कारागीर, तीच राजवट, आणि इथे मात्र चिखल आणि रानदगड. इंकांचा हिशेब सरळ होता: घासूनपुसून केलेलं काम देवाला आणि राजाला, कामाच्या जागेला कामापुरतं. म्हणून या भिंती पर्यटकाला 'साध्या' वाटतात. याच कारणाने त्यांना हात लावणं धोक्याचं आहे. चिखल सुटला की दगड निखळतो. भिंतीवर बसून फोटो काढू नका.

आत काय असायचं? मका, सुकवलेलं मांस, आणि 'चुन्यो'. चुन्यो म्हणजे बटाट्याचं वाळवण. जून-जुलैच्या कडाक्याच्या थंडीत बटाटे रात्री उघड्यावर पसरतात, ते गोठतात. सकाळी थोडे सैल पडले की पायाने तुडवून पाणी काढतात आणि उन्हात वाळवतात. चार-पाच दिवस हाच क्रम. हाताला गारगोटीसारखा लागणारा हा बटाटा वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या उन्हाळी वाळवणाला फक्त ऊन लागतं, याला ऊन आणि गोठवणारी थंडी दोन्ही.

एकूण इंका साम्राज्यात अशा कोठारांची संख्या प्रचंड होती. वानुको पाम्पा या एकाच ठिकाणी जवळजवळ पाचशे, बोलिव्हियातल्या कोतापाचीला दोन हजारांवर. किती आलं, किती गेलं, याची नोंद 'किपू'त, म्हणजे दोऱ्यांच्या गाठींत. लिहिण्याची लिपी नव्हती, तरी हिशेब पक्का: स्पॅनिश आल्यावर हौहा भागातल्या लोकांनी १५३३ पासून परक्या सैन्याला काय काय पुरवलं त्याचा तपशील १५६० च्या सुमारास किपूंवरून वाचून स्पॅनिश अधिकाऱ्यांसमोर मांडला होता. ओयांतायतांबोलाच जानेवारी १५३७ मध्ये इंकांचा राजा मांको इंका याने स्पॅनिश सेनानी एर्नांदो पिसारोच्या तुकडीला मागे हटवलं. खालच्या सपाटीवर पाणी सोडून घोडे अडवले. ती सपाटी कोठारांवरून पूर्ण दिसते, लढाईचा नकाशा समजायला याहून चांगली जागा नाही.

याच कड्यात एक दाढीवाला चेहरा दाखवतात आणि तो 'विराकोचा' किंवा 'तुनुपा' या देवाचा असल्याचं सांगतात. चेहरा किल्ल्यावरून दिसतो, पिंकुइयुनावरून नाही. कोरलेला की निसर्गाने घडवलेला, यावर गाइडशी वाद घालू नका, वेळ जातो.

चढायचं कसं: मुख्य चौकातून जुन्या गावाच्या दगडी गल्ल्यांत शिरा. गल्लीच्या कडेने इंकांच्या काळातले पाण्याचे पाट अजून वाहतात. लारेस नावाच्या गल्लीत एक लहान दरवाजा आणि पाटी आहे, तिथून पायऱ्या सुरू होतात. पुढून एकदा तसेच निघून गेलात तर चिंता नको, कोणीही दाखवतं. संध्याकाळी दरवाजा बंद करतात, तेव्हा शेवटची चढाई तीनच्या आत. पायऱ्या उभ्या, वेड्यावाकड्या, अरुंद, आणि बऱ्याच ठिकाणी दरीच्या बाजूला कठडा नाही. मध्ये वाटा फुटतात. कोठारांच्या भिंती नजरेसमोर ठेवून चालायचं. चढायला तीस ते पंचेचाळीस मिनिटं, उतरायलाही जवळजवळ तेवढीच, कारण सुट्ट्या खडीवर पाय घसरतो. बहुतेक धडपड उतरतानाच होते. खोल खाचांच्या तळव्याचे बूट हवेत, गुळगुळीत स्नीकर नकोत. वर पाणी नाही, स्वच्छतागृह नाही, सावली भिंतीपुरती. पाऊस पडत असेल किंवा नुकताच थांबला असेल तर जाऊच नका; डिसेंबर ते मार्च हा पावसाचा काळ. मे ते सप्टेंबर उत्तम.

सकाळी गेलात तर कडा स्वतःच्या सावलीत असतो, चढ गार लागतो आणि समोरचा किल्ला उन्हात उजळतो. फोटोसाठी हीच वेळ. दुपारी ऊन थेट तोंडावर, पण वारा तेव्हाच कळतो. दोन्ही जमत नसेल तर आम्ही दुपार निवडू, टोपीची दोरी हनुवटीखाली बांधून.

ठाण्या-नवी मुंबईतून जाणाऱ्यांसाठी तयारीचं. मुंब्रादेवीच्या पायऱ्या आठवड्यातून दोनदा, खास करून न थांबता उतरण्याचा सराव, याने गुडघे तयार होतात. खारघरच्या टेकडीवर चढलात तरी चालेल. फुप्फुसांची तयारी मात्र इथे होत नाही. ओयांतायतांबोला हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण ७२ टक्के. कुस्को शहर त्याहून सहाशे मीटर वर. म्हणून कुस्कोच्या विमानतळावर उतरल्यावर तिथे मुक्काम न करता थेट ओयांतायतांबोला खाली या, दोन रात्री राहा आणि कुस्को परतीच्या वेळी बघा. कुस्कोतल्या पावितोस रस्त्यावरून सामायिक गाड्या भरल्या की सुटतात, दोनेक तास लागतात. पहिल्या दिवशी पिंकुइयुना नको. डोकं दुखत असेल तर चढू नका. उंचीच्या त्रासावरची ॲसिटाझोलामाइडची गोळी घ्यायची असेल तर ठाण्यात असतानाच डॉक्टरांना विचारा, सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय नाहीच. गावात रस्ते गोट्यांचे आहेत. चाकांची बॅग तिथे हमाली होते.

कागदपत्रांत दोन ठिकाणी अडकतात. पेरूसाठी व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने मुदत उरलेला व्हिसा असला तर पर्यटकांना वेगळा घ्यावा लागत नाही. तिकिटं काढण्याआधी दिल्लीतल्या वकिलातीकडून खात्री करा. दुसरं, आणि हे परतताना नडतं: पेरू हा भारताच्या पीतज्वराच्या यादीतला देश आहे. मुंबई विमानतळावर लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. तुम्ही जंगलात गेला नव्हता, डोंगरात मच्छर नव्हते, हे कोणी ऐकून घेत नाही. लस मान्यताप्राप्त केंद्रात, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. कार्ड पासपोर्टमध्येच ठेवा, चेक-इनच्या बॅगेत नको.

खाली उतरल्यावर चौकाजवळ 'चोक्लो कोन केसो' मिळतं, उकडलेलं कणीस आणि पांढऱ्या चीजचा तुकडा. शाकाहाऱ्यांची मोठी सोय, कारण तिथल्या सूपमध्ये भाज्या दिसल्या तरी पाणी बहुधा कोंबडीचं असतं. हे कणीस तलावपाळीवरच्या भुट्ट्यासारखं दातांनी ओरबाडून खाता येत नाही. उरुबांबा दरीतल्या पांढऱ्या मक्याचा दाणा पावट्याएवढा, कधी अंगठ्याच्या नखाहून मोठा. तिथले लोक एकेक दाणा बोटाने सोडवून खातात, वर चीजचा कण. मीठ वेगळं मागावं लागतं.