माजघरातलं सहा खांबांचं देऊळ

आमच्या गुहागरच्या घरी माजघरातल्या फडताळावर एक घड्याळ आहे. त्याला घरात कुणी घड्याळ म्हणतच नसे. "देवळाला चावी दिलीस का रे?" असं आजी दर रविवारी बाबांना विचारायची. काळंकुळकुळीत, दोन वीत रुंद. तबकडीच्या एका अंगाला तीन खांब, दुसऱ्या अंगाला तीन. खाली पितळी पाय आणि दोन्ही कुशींना सोनेरी सिंहमुखं. तासाचे ठोके आत गोल वळवलेल्या जाड तारेवर पडतात, खोल आणि सावकाश. अर्ध्या तासाला छोट्या घंटेवर एकच टिण्ण.

लहानपणी माझी खात्री होती की आत देव बसलाय आणि तोच वाजवतो. पण असलं देऊळ गावात कुठे दिसत नसे. आमच्याकडची देवळं जांभ्याची, कौलारू, पावसासाठी छप्पर पार खाली ओढून घेतलेली. हे उघड्या खांबांचं देऊळ कुठल्या गावचं, हा प्रश्न मला खरोखर पडायचा. सातवीच्या पुस्तकात अथेन्सच्या पार्थेनॉनचं चित्र आलं तेव्हा मी धावत घरी येऊन खांब मोजले. पार्थेनॉनला समोरून आठ, आमच्याला सहा. पण घराणं तेच.

पणजोबा मुंबईला एका कापडाच्या पेढीवर कारकून होते. आजोबांच्या मुंजीच्या साली त्यांनी हे घड्याळ आणलं. बोटीने दाभोळ, तिथून तरीने खाडी ओलांडून धोपावे आणि पुढे बैलगाडी. साऱ्या प्रवासात ते मांडीवरून खाली ठेवलं नाही, असं आत्या सांगते. "काळा संगमरवर आहे तो, आपटला असता तर?" हेही तीच सांगते.

संगमरवर नाही, हे मला दोन वर्षांपूर्वी कळलं आणि ते माझ्या हातून झालेल्या नुकसानीमुळे कळलं. गणपतीआधी भिंतींना रंग काढला होता. त्याचा एक थेंब घड्याळाच्या बैठकीवर वाळलेला दिसला. मी नेलपॉलिश काढायचं पाणी कापसावर घेतलं आणि पुसलं. थेंब गेला, पण कापूसही काळा झाला. दगडाचा रंग कापसाला लागत नाही. त्या जागी बोटाच्या पेराएवढा भुरका डाग राहिला, तो आजही आहे. मी घाबरून तिथे अंगठ्याने जोरजोरात चोळत बसले, तर अंगठ्याला चक्क कापराचा वास!

मग घड्याळ पालथं केलं. खाली कसर लागलेलं अर्धं लेबल होतं. त्यावर 'अ‍ॅडमंटाइन' हा शब्द आणि पेटंटची तारीख, ७ सप्टेंबर १८८०. शोधत गेले तेव्हा उलगडा झाला. अमेरिकेत कनेटिकट राज्यातल्या सेथ थॉमस कंपनीचं हे काम. त्या काळी फ्रान्सहून काळ्या दगडाची, ग्रीक देवळांच्या घाटाची घड्याळं यायची. ती फार जड आणि महाग. सेथ थॉमसने लाकडाची पेटी केली आणि वरून सेल्युलॉइडचा पातळ पत्रा चिकटवला, काळा किंवा संगमरवरासारख्या रेघांचा. त्या पत्र्याचंच नाव अ‍ॅडमंटाइन. सेल्युलॉइड बनतं नायट्रोसेल्युलोज आणि कापरापासून. पूर्वीचे कंगवे आणि सिनेमाची रिळं याचीच असत.

लेबलाशेजारी लाकडावर शिक्का होता, ६०९१ आणि पुढे सी. बाबा त्याला मशीनचा नंबर समजत. ही कंपनी साल उलटं छापायची आणि महिन्याला अक्षर द्यायची, हे वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. १९०६, मार्च. आजोबांचा जन्म १९०१चा, मुंज आठव्या वर्षी. म्हणजे घडल्यावर दोन-तीन वर्षांत ते घरी आलं, आत्याची गोष्ट सालाशी जुळली.

ही घड्याळं घडवली गेली थंड मुलखासाठी. तिकडे बैठकीच्या खोलीत भिंतीतली शेगडी असते, तिच्यावरच्या फळीवर मधोमध ठेवायला. ती फळी म्हणजे घराचा दर्शनी भाग, म्हणून तिथे इमारतच उभी करायची, कधी ग्रीक देऊळ तर कधी चर्च. खालच्या पाटात, म्हणजे आमच्या गावच्या त्या वाडीत, एका घरी टोकदार माथ्याचं घड्याळ आहे, दोन बाजूंना दोन मनोरे. त्याला सगळे 'चर्चचं घड्याळ' म्हणतात आणि ते अगदी बरोबर आहे. तो घाट कनेटिकटच्याच इलायस इनग्रॅहॅमने १८४०च्या दशकात काढला, गॉथिक चर्चच्या शिखरांवरून. मला स्वतःला आमचंच जास्त आवडतं. चर्चवालं वर ओढल्यासारखं दिसतं, आमचं पाय रोवून बसतं.

कोकणात शेगडी कुठली? म्हणून पणजोबांनी त्याला फडताळ दिलं, देवघराला लागून. आणि हेच मला रात्रभर छळत राहिलं. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. आमचा गणपती बसतो त्या फडताळाच्या थेट खाली. पाच दिवस दोन वेळा आरती, तबकात कापराची ज्योत, ती ओवाळताना वर जाते आणि वर हे कापराच्या कातडीचं देऊळ. शंभरावर वर्षं काही झालं नाही, ही त्या घराची पुण्याई.

"आत्या, घड्याळ ओटीकडच्या कोनाड्यात हलवू या," मी म्हटलं.

"अगो, तुझ्या पणज्याने ठेवलंय ते तिथे. मी चौऱ्याऐंशीची झाले, कधी हललं नाही."

मी तिचं बोट धरून त्या भुरक्या डागावर चोळायला लावलं. तिने ते नाकाशी नेलं. बराच वेळ काही बोलली नाही. "कापूर," एवढंच म्हणाली आणि स्वतःच फडताळाखालची समई उचलून बाजूला ठेवली.

आधी लंबक काढून, मग घड्याळ उचलून मी कोनाड्यात ठेवलं. तुमच्याकडे असं घड्याळ असेल तर लंबक लावूनच हलवू नका, ज्या पातळ पट्टीवर तो लटकतो ती दुमडते. काळ्या अंगाला स्पिरिट, थिनर काही लावू नका, कोरडं मऊ फडकं पुरे. मागे जायला लागलं तर बाराच्या वरच्या बारीक भोकात चावीचं लहान टोक घालून 'एफ'कडे किंचित फिरवा, पुढे जात असेल तर 'एस'कडे. आणि दिव्यापासून लांब ठेवा, एवढं तरी माझं ऐकाच.

त्या रात्री मी ओटीवर झोपले होते. घड्याळ चालू होतं, पण टक टक, मग जरा थांबून पुन्हा टक टक, असं. अकराच्या सुमाराला माजघरातून काठीचा आवाज आला. आत्या अंधारातच कोनाड्यापाशी जाऊन उभी राहिली.

"लंगडतंय ते," ती म्हणाली. "डावीकडे उतार आहे इथे."

फडताळावर पायाखाली असलेलं घडी घातलेलं पोस्टकार्ड तिने संध्याकाळीच काढून पदराला बांधून ठेवलं होतं. ते मला दिलं. मी डावा पाय उचलून खाली सारलं. दोघी ऐकत राहिलो.

"अजून एक घडी घाल," आत्या म्हणाली.