स्पीड टेस्ट ओके, तिकीट क्लोज: पीअरिंगच्या तक्रारीचा माझा अनुभव

संध्याकाळचे आठ वाजले की माझा कामाचा सर्व्हर रांगायला लागायचा. दिवसा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) २० मिलिसेकंदांच्या आसपास, रात्री तोच दीडशेच्या वर आणि शिवाय पॅकेट लॉस, म्हणजे डेटाचे तुकडे वाटेतच हरवायचे. एसएसएचमध्ये (दूरच्या सर्व्हरवर कमांड टाइप करायची सोय) अक्षर टाइप केलं की ते स्क्रीनवर उमटायची वाट बघत बसायचं. मध्यरात्रीनंतर सगळं आपोआप ठीक. आणि त्याच आठ वाजता बाकीच्या साइट्स, व्हिडिओ वगैरे एकदम मस्त चालू! म्हणजे लाइन खराब नाही हे उघड आहे, लाइन खराब असती तर सगळंच अडकलं असतं. ठरावीक वेळेला एकाच नेटवर्ककडची वाट तुंबते याचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो, दोन कंपन्यांची नेटवर्क्स जिथे एकमेकांना थेट जोडलीत (यालाच पीअरिंग म्हणतात) तो पोर्ट भरतोय.

आता हे आपल्या इंटरनेट कंपनीच्या (आयएसपीच्या) कस्टमर केअरला सांगून बघा. मी सांगून सांगून थकलो.

फोन केला की पहिलं वाक्य ठरलेलं, राउटर बंद करून चालू करा. केलं. मग स्पीड टेस्ट करा. केली, प्लॅनप्रमाणे पूर्ण स्पीड. "सर, स्पीड तर बरोबर येतोय ना?" आणि तिकीट क्लोज. अहो, येणारच ना बरोबर, तुमच्या टेस्टचा सर्व्हर तुमच्याच नेटवर्कमध्ये बसलाय, माझं पॅकेट तुमच्या घराबाहेर पडतच नाही तर बाहेरच्या रस्त्यावरची गर्दी त्याला दिसणार कशी? हे मी दर वेळी नव्या माणसाला नव्याने सांगायचो, कारण दर वेळी फोन उचलणारा वेगळा आणि जुन्या तिकिटात "ग्राहकाचा स्पीड कमी" एवढंच लिहिलेलं. मग घरी माणूस आला, तोही भर दुपारी, जेव्हा काही प्रॉब्लेमच नसतो. त्याने फायबरची पॉवर मोजली, कनेक्टर पुसला, सिग्नल चांगला आहे म्हणाला आणि गेला. त्याच्यावर माझा राग नाही, त्याचं काम घरापर्यंतच्या लाइनचं, ते त्याने नीट केलं. राग याचा येतो की ही तक्रार नेटवर्क टीमकडे पाठवायचा पर्यायच समोरच्याच्या स्क्रीनवर नव्हता. "तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे" असा मेसेज यायचा आणि मी इकडे लॉस बघत बसलेलो.

एकदा एकाने माझा ट्रेसराउट (पॅकेट कुठल्या कुठल्या राउटरमधून जातं त्याची यादी) उघडून बघितला, मला बरं वाटलं, तर म्हणाला मधल्या एका हॉपवर, म्हणजे वाटेतल्या एका राउटरवर, ६० टक्के लॉस आहे, तोच प्रॉब्लेम. तसं नसतं. बरेच राउटर स्वतःला आलेल्या पिंगला उत्तर देणं मुद्दाम मर्यादित ठेवतात, पुढे जाणारी पॅकेट्स मात्र व्यवस्थित सोडतात. पुढच्या हॉप्सवर लॉस शून्य असेल तर मधला आकडा सोडून द्या. लॉस एका हॉपपासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो का ते बघायचं.

आणि नुसता आपल्याकडून काढलेला ट्रेस अर्धवटच असतो. जाणारा आणि येणारा रस्ता वेगळा असू शकतो, कारण बीजीपीमध्ये (नेटवर्क्स एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) प्रत्येक नेटवर्क आपापला बाहेर जायचा रस्ता स्वतः ठरवतं. म्हणून मी सर्व्हरवरून घराकडे पण एमटीआर (सतत चालणारा, प्रत्येक हॉपचा लॉस मोजणारा ट्रेसराउट) लावलं, एक रात्रीचं आणि एक सकाळचं. सीजीनॅटच्या मागे असाल (म्हणजे कंपनीने एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटला असेल) तर बाहेरून दिसतो तो आयपी वापरा, ट्रेस तुमच्या घरापर्यंत येणार नाही पण दोन कंपन्यांमधला सांधा ओलांडतो, तेवढं पुरतं. दुसऱ्या नेटवर्कमधून जाणारं व्हीपीएन लावून बघितलं तर त्याच लाइनवर, त्याच वेळेला सर्व्हर सुरळीत. यापेक्षा वेगळा पुरावा काय हवा?

तरी तिकीट क्लोजच. मग मी आमच्या इंटरनेट कंपनीचा नाद सोडला आणि पलीकडून, सर्व्हर ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडून, गेलो. हूइजमधून (आयपी कोणाचा ते सांगणारी नोंदवही) सर्व्हरवाल्यांचा एएस नंबर, म्हणजे त्यांच्या नेटवर्कचा ओळख क्रमांक काढला, पीअरिंगडीबी या नेटवर्क्सच्या सार्वजनिक यादीत त्यांच्या एनओसीचा (नेटवर्क सांभाळणाऱ्या टीमचा) मेल मिळाला (काही पत्ते लॉगिन केल्याशिवाय दिसत नाहीत, खातं फुकट आहे). मेल छोटा ठेवला. दोन्हीकडचे आयपी, दोन्ही दिशांचे एमटीआर, तारीख, वेळ आणि टाइमझोन. टाइमझोन लिहाच, नाहीतर ते भलत्याच वेळेचे ग्राफ बघतात. माझे सगळे वैतागाचे किस्से गाळले.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि दोन ओळींचं होतं. तुमच्या आयएसपीकडे जाणारा आमचा पीअरिंग पोर्ट संध्याकाळी भरतो, वाढवायची विनंती त्यांच्याकडे पडून आहे, तोवर त्यांच्याकडे जाणारा ट्रॅफिक आम्ही ट्रान्झिटवरून (पैसे देऊन घेतलेल्या तिसऱ्या नेटवर्कमधून) वळवतोय. त्या रात्री आठला पिंग ३० च्या आत! इतकं हायसं वाटलं की मी उगाचच लॉग्स स्क्रोल करत बसलो. हे त्यांना आयएसपीला न विचारता जमलं, कारण तुंबत होता तो त्यांच्याकडून बाहेर पडणारा ट्रॅफिक, तो कुठून सोडायचा हे त्यांच्याच हातात. उलट दिशा तुंबत असती तर आमच्या कंपनीनेच हलायला हवं होतं.

अशा भांडणांत ग्राहक मधे सापडतो हे काही नवीन नाही. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये लेव्हल थ्री या मोठ्या अमेरिकन नेटवर्क कंपनीने कोजंट या दुसऱ्या तशाच कंपनीबरोबरचं पीअरिंग तोडलं तेव्हा फक्त एकाच बाजूला जोडलेल्या लोकांना पलीकडचं नेटवर्क काही दिवस दिसतच नव्हतं.

हो, एक सांगायचं राहिलं, आयपीव्ही६ (आयपी पत्त्यांची नवी पद्धत) असेल तर तेही तपासा, त्याचा रस्ता कधीकधी वेगळा असतो आणि तात्पुरतं काम भागतं. आणि सगळं नीट चालू असतानाचा एमटीआर आजच काढून ठेवा, तक्रारीच्या वेळी तुलनेला तो लागतोच.