घुमटाच्या धड्याचा पत्ता

गोव्यात फोंड्यातल्या एका संगीतवर्गाचे घुमट आणि शामेळ ही इथली तालवाद्यं, पेटी आणि नाट्यगीतं यांचे कोर्स ऑनलाइन आहेत. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आठवड्यावर आली असताना तिथून फोन आला. "धड्यांची पानं उघडत नाहीत. आरती मंडळांचे फोनवर फोन येताहेत." संकेतस्थळ नुकतंच नव्याने बांधून झालं होतं आणि बांधणारे हिशेब चुकता करून गेले होते. मी म्हापशाहून निघाले. बाणस्तारीला चवथीच्या खरेदीची गर्दी, वर पाऊस. वर्गात पोचले तेव्हा दुपार झाली होती.

आधी सर्व्हरचा लॉग उघडला. कोणी कोणतं पान मागितलं आणि सर्व्हरने काय उत्तर दिलं, ते त्यात ओळीने नोंदलेलं असतं. इथे ओळींमागून ओळी एकाच पत्त्याच्या होत्या: '२०२१/बॅच-२/घुमट-धडा-४'. पुढे उत्तर ४०४, म्हणजे असं पान नाही. सगळ्यांना हाच एक धडा का हवा होता? ऑफिसच्या बाईंनी कपाटातून आरत्यांची पुस्तिका काढून समोर ठेवली. मलपृष्ठावर याच जुन्या पत्त्याचा क्यूआर कोड, खाली ओळ: 'आरतीचा ठेका शिका'. ती पुस्तिका डिचोली, सत्तरीपर्यंत घराघरांत गेली होती. संकेतस्थळ आज बदलता येतं, पण लोकांच्या देवघरात पोचलेला कागद कसा बदलणार?

नवे पत्ते पाहिले तर वेगळंच दुखणं. वर्डप्रेस, म्हणजे हे संकेतस्थळ ज्यावर बांधलंय ते सॉफ्टवेअर, शीर्षकावरून पानाचा पत्ता आपोआप तयार करतं. त्या पत्त्याला जागा २०० अक्षरांची, आणि इंग्रजीत ती पुष्कळ होते. पण देवनागरीतली प्रत्येक खूण, मग तो काना असो की अनुस्वार, आतमध्ये नऊ अक्षरांच्या सांकेतिक रूपात साठवली जाते. म्हणजे जेमतेम २२ खुणा मावतात. शीर्षक होतं 'घुमटावरील आरतीचे ठेके नवशिक्यांसाठी भाग एक'. पत्ता झाला 'घुमटावरील-आरतीचे-ठेके-नव', आणि तिथेच तुटला. पुढच्या भागांची शीर्षकंही त्याच जागी तुटली, म्हणून वर्डप्रेसने त्यांच्या शेवटी २ आणि ३ हे आकडे आपले आपण जोडले, तेही पानं ज्या क्रमाने चढवली त्या क्रमाने. भाग तीन भाग दोनच्या आधी चढवला गेला होता. त्यामुळे २ आकड्याच्या पत्त्यावर भाग तीन आणि ३ च्या पत्त्यावर भाग दोन! शिकणाऱ्याने कोणावर विश्वास ठेवायचा? शिवाय यातला कुठलाही पत्ता व्हॉट्सॅपवर पाठवला की बहुतेक वेळा टक्केचिन्हांची लांबच लांब माळ दिसते, आणि जाणत्या माणसाचाही त्यावर बोट ठेवायचा धीर होत नाही. मराठी कोर्सचा पत्ता मराठीत असावा असं मलाही मनापासून वाटतं. पण आजच्या साधनांत छोटं नाव रोमन अक्षरांत लिहिणंच शिकणाऱ्याच्या सोयीचं आहे, आणि मी सोय निवडते.

संध्याकाळी पेटीमास्तर आणि घुमट शिकवणारे गुरुजी आले. हॉलमध्ये सतरंजीवर बसून आम्ही नवी रचना ठरवायला घेतली. मी गुरुजींना विचारलं, "पाच वर्षांनी या कोर्सात काय बदललेलं असेल?"

"बाय, सगळंच," ते म्हणाले. "फी वाढेल, बॅच वेगळी असेल, शिकवायला मी असेन की माझा शिष्य, कोणास ठाऊक. धड्यांचा क्रम तर मी दरवर्षी बदलतो. यंदा डाव्या हाताचा धडा मध्ये घालायचाय. पोरं उजव्या हाताने कातड्यावर थाप बरोबर देतात, पण मागचं तोंड डाव्या हाताने कधी झाकायचं, कधी मोकळं सोडायचं, ते कळल्याशिवाय नाद घुमत नाही."

रचनेचा निकाल त्यांच्या बोलण्यातच लागला. वर्ष, बॅच, शिक्षकाचं नाव, धड्याचा क्रमांक, हे सगळं पत्त्यातून बाहेर. 'course/ghumat/dava-hat', 'course/ghumat/aarticha-theka', एवढंच ठेवलं. क्रम मेनूत राहील, तिथे तो हवा तेव्हा बदलता येतो. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच हे मांडलंय: जे उद्या बदलणार ते पत्त्यात घालू नये. तरी अजूनही कोर्स बांधताना पहिल्यांदा बॅचच घातली जाते, कारण बांधणाऱ्यासमोर त्या दिवशी बॅचच असते.

पेटीमास्तरांचा आग्रह होता की घुमट 'चर्मवाद्ये'खालीही दिसावं आणि 'उत्सव'खालीही. दिसेल की. दोन्ही विभागांतून दुवा द्यायचा, पान मात्र एकाच पत्त्यावर ठेवायचं. नव्या संकेतस्थळात तोच धडा दोन्हीकडे वेगवेगळ्या पत्त्यांवर होता, आणि अशा वेळी खरं पान कोणतं ते गूगल स्वतःच ठरवतं.

मग राहिलं कंटाळवाणं, पण सगळ्यात मोलाचं काम. डाव्या रकान्यात प्रत्येक जुना पत्ता, उजवीकडे त्याचा नेमका नवा, आणि मध्ये ३०१, म्हणजे कायमचं स्थलांतर. हरवलेले सगळे पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवायची सूचना आली होती. मी ती साफ नाकारली. आरतीचा ठेका मागणाऱ्याला मुखपृष्ठ दाखवलं तर त्याचं काम होत नाही, आणि गूगलही अशा वळणाला बऱ्याचदा हरवलेलं पानच समजतं. ही वळणं निदान वर्षभर ठेवा असं गूगल सांगतं. छापील पुस्तिकेला वर्षाची मुदत नसते, म्हणून ती काढायचीच नाहीत असं बाईंना वहीत लिहून दिलं.

रात्री लॉग पुन्हा उघडला. तोच जुना पत्ता, पुढे ३०१, लगेच खाली २००. पान उघडलं होतं. गुरुजींना दाखवलं तर त्यांनी चष्मा पुसून दोन्ही ओळी वाचल्या आणि विचारलं, "म्हणजे कोणीतरी आत्ता शिकतोय?"

नाट्यगीतांचं घोंगडं मात्र अजून भिजत पडलंय. एकच पद रागाच्या कोर्सात शिकवतात आणि नाटकाच्या कोर्सातही, आणि त्याचं घर कोणतं यावर पेटीमास्तर आणि गायनाच्या बाई यांचं एकमत नाही. चवथ झाली की त्यासाठी पुन्हा बसणार आहोत.