नफा 9 लाख, बँकेत 1 लाख

लहान व्यवसायाचा मालक वर्षाअखेरीस ताळेबंदाची फाईल हातात घेतो तेव्हा त्याची नजर आधी निव्वळ नफ्याच्या आकड्यावर जाते, आणि लगेच तो विचारतो की एवढा नफा झाला असेल तर पैसा गेला कुठे. याचे उत्तर देणारे पत्रक म्हणजे रोख प्रवाह विवरण, ज्याला बोलताना आपण सगळे कॅश फ्लो म्हणतो. दुर्दैवाने त्या फाईलमध्ये नेमके तेच नसते. कंपनी कायदा 2013 नुसार लहान कंपनीला आणि एकल व्यक्ती कंपनीला ते न जोडण्याची मुभा आहे, आणि छोट्या प्रोप्रायटरी धंद्याकडे तर ते सहसा कोणी मागतच नाही. बँकेकडे कर्जाचा अर्ज करताना सीएमए डेटाबरोबर (कर्जासाठी बँक मागते ते आर्थिक अंदाजांचे तक्ते) ते तयार होते आणि कर्ज मंजूर झाले की कपाटात जाते. परळ-लालबागपासून अंधेरीपर्यंतच्या गाळ्यांमधल्या व्यवसायांची पुस्तके रोज पाहताना माझे असे ठाम मत झाले आहे की मालकाने एकच पत्रक लक्षपूर्वक वाचायचे ठरवले, तर ते हेच असावे.

उदाहरणासाठी शिवडीच्या औद्योगिक वसाहतीतला, मिठाईचे बॉक्स बनवणारा एक गाळा डोळ्यांसमोर आणू. आकडे सोयीसाठी पूर्णांकात धरले आहेत. गेल्या वर्षीची विक्री 60 लाख, यंदाची 72 लाख आणि नफा 9 लाख. वर्षाच्या सुरुवातीला बँकेत आणि गल्ल्यात मिळून 6 लाख होते. 31 मार्चला 1 लाख उरले.

नफ्याच्या 9 लाखांत 2 लाख घसारा (यंत्रसामग्रीची झीज) पुन्हा अधिक करायचा, कारण घसाऱ्याचा खर्च पुस्तकात पडतो, खिशातून जात नाही. कर्जावरचे 1 लाख व्याजही इथे पुन्हा अधिक करायचे, कारण लेखा मानक 3 प्रमाणे (रोख प्रवाह विवरणाचे नियम) अशा व्यवसायाने दिलेले व्याज विवरणाच्या वित्तपुरवठ्याच्या, म्हणजे कर्ज आणि भांडवलाच्या, भागात दाखवले जाते. झाले 12 लाख. यापुढचे तीन आकडे खरे बोलके आहेत. ग्राहकांकडची येणी, म्हणजे विक्री नफ्यात धरली पण पैसे आले नाहीत अशी बिले, 10 लाखांवरून 18 लाखांवर गेली, म्हणून 8 लाख वजा. ड्युप्लेक्स बोर्ड आणि तयार मालाचा साठा 4 लाखांनी वाढला, तेही वजा. बोर्ड पुरवणाऱ्यांची देणी 3 लाखांनी वाढली, ते अधिक. शिल्लक राहिले 3 लाख. म्हणजे ज्या धंद्याने कागदावर 9 लाख कमावले, त्याने रोजच्या व्यवहारातून प्रत्यक्षात 3 लाखच हातात दिले. त्यानंतर पंचिंगच्या यंत्रासाठी 6 लाख गेले, त्यासाठी 5 लाखांचे मुदत कर्ज आले, मुद्दल आणि व्याज मिळून 2 लाख फेडले गेले, आणि मालकाने घरखर्च व आपला आयकर यांसाठी 5 लाखांची उचल केली. बेरीज-वजाबाकी केली की 5 लाखांची घट तंतोतंत जुळते.

यातली मालकाची उचल मला सर्वांत महत्त्वाची वाटते. नऊ लाख नफा असताना पाच लाख घेणारा माणूस स्वतःला काटकसरी समजतो, आणि नफ्याच्या हिशेबाने तो काटकसरी आहेच. पण धंद्याने दिलेल्या 3 लाखांपैकी 2 लाख बँकेचे हप्ते आणि व्याज खाऊन गेले होते, त्यामुळे घरी नेलेल्या पैशांचा बहुतेक भाग मागच्या वर्षांच्या शिलकीतून आला. म्हणून मी मालकांना आग्रहाने सांगतो की उचलीचा मासिक आकडा नफ्यावरून ठरवू नये. व्यवहारातून आलेल्या रोख रकमेतून कर्जाचे हप्ते वजा करून जे उरते, त्यावरून तो ठरवावा.

आता येणी. गेल्या वर्षी विक्रीचे पैसे साधारण 61 दिवसांनी येत होते, यंदा 91 दिवसांनी येतात. (मोजणी ढोबळ आहे, कारण येण्यांत जीएसटी धरलेला असतो आणि विक्रीत नसतो.) वसुली 61 दिवसांवरच राहिली असती, तर 72 लाखांच्या विक्रीला सुमारे 12 लाखांची येणी पुरली असती. वर अडकलेले 6 लाख म्हणजे नेमकी त्या यंत्राची किंमत. शिवाय मालावरचा जीएसटी बिल केले की देय होतो, पैसे आल्यावर नव्हे. त्यामुळे दरमहा विवरणपत्र भरणारा व्यवसाय पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला, न मिळालेल्या पैशांवरचा कर सरकारला पदरचा भरत असतो.

सुधारणा इथूनच सुरू करावी. येण्यांची यादी ग्राहकाच्या नावाने न मांडता बिलाच्या वयाने मांडावी: 30 दिवसांच्या आतली, 60 च्या आतली, 90 च्या आतली आणि त्यापुढची. बहुतेक वेळा शेवटच्या रकान्यात दोन-तीनच ग्राहक निघतात, आणि गणपती-दिवाळीला सर्वांत मोठी ऑर्डर देणारेही तेच असतात. त्यांच्याकडून हंगामाच्या ऑर्डरसोबत निदान बोर्डाच्या किमतीइतकी आगाऊ रक्कम मागावी. पुरवठ्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) झालेली असेल, तर सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीचा एमएसएमईडी कायदा 2006 पाठीशी आहे: लेखी करार असला तरी मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, करार नसेल तर ती 15 दिवसांची, आणि त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने मासिक चक्रवाढ व्याज. जुन्या ग्राहकावर दावा लावायला कोणी धजत नाही, ते मी समजू शकतो. मात्र आर्थिक वर्ष 2023-24 पासून आयकरातही अशी तरतूद आहे की सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचे पैसे या मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी मिळते. मार्चच्या सुरुवातीला ग्राहकाच्या अकाउंटंटला याची नम्र आठवण करून दिली, तर वसुलीला खरोखर गती येते.

पुरवठादारांची वाढलेली देणी विवरणात अधिक म्हणून दिसतात, पण त्यांवर समाधान मानू नये. बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेले इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) व्याजासह परत करावे लागते.

वार्षिक विवरण घडून गेलेले दाखवते; चालू धंद्यासाठी पुढच्या 13 आठवड्यांचा तक्ता लागतो. वर अपेक्षित वसुली, खाली पगार, 15 तारखेचे पीएफ आणि ईएसआयसी, जीएसटी, हप्ते, बोर्डाची खरेदी, आणि दर सोमवारी प्रत्यक्ष आकडे भरून पुढचा एक आठवडा जोडायचा. या तक्त्यात कॅश क्रेडिटची (खेळत्या भांडवलासाठी बँकेने दिलेल्या कर्जखात्याची) न वापरलेली मर्यादा शिल्लक म्हणून धरू नये. ती वेगळ्या ओळीत लिहावी, कारण ड्रॉइंग पॉवर, म्हणजे साठा आणि येणी पाहून प्रत्यक्ष उचलू दिली जाणारी रक्कम, काढताना बँका साधारणपणे 90 दिवसांपुढची येणी वगळतात. आपल्या गाळ्याची सरासरी वसुलीच 91 दिवसांवर आहे, म्हणजे मर्यादा 15 लाखांची मंजूर असली तरी महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट (साठा आणि येण्यांचे पत्रक) बँकेत गेल्यावर वापरायला मिळणारी रक्कम त्याहून बरीच कमी असू शकते, आणि ती घट बोर्ड भरून ठेवण्याच्या, म्हणजे जून-जुलैच्या महिन्यांत आली, तर दिवाळीची ऑर्डर हातात असूनही माल उचलायला पैसे नसतात. प्रत्येक मोठ्या बिलापुढे त्याचे 90 दिवस कोणत्या तारखेला भरतात ते याच तक्त्यात लिहावे, आणि वसुलीचा पहिला फोन त्या तारखेच्या महिनाभर आधी करावा.