बडोदं: शटल रिक्षाने चढत-उतरत

डिसेंबरात मावशीकडे दांडिया बाजारात तीन दिवस होतो, त्यातला एक गाव बघायला ठेवला. दर्शन बसमध्ये बसून 'वीस मिनिटांत परत या' ऐकायची तयारी नव्हती. म्हणून स्वतःपुरती चढा-उतरा सहल आखली: थोडी सिटी बस, बाकी शटल. शटल म्हणजे आपली शेअर रिक्षा. हात केला की थांबते आणि मागे तिघं बसलेले असले तरी चौथ्याला जागा होते.

हे जमतं, कारण जुनं बडोदं जवळजवळ एका रेघेवर आहे. स्टेशन, काळा घोडा, सयाजीबाग, विश्वामित्रीचा पूल, कोठी, रावपुरा, सूरसागर तलाव, न्यायमंदिर (जुनं कोर्ट), लहेरीपुरा दरवाजा, मांडवी. सगळं मिळून तीन-साडेतीन किलोमीटर. लक्ष्मी विलास पॅलेस तेवढा रेघेच्या बाहेर, राजमहाल रोडवर. नेमकं तिथेच माझं चुकलं.

मावशी आदल्या रात्री म्हणाली होती, "आधी पॅलेस कर, मग शांतीने फिर." (तिच्या मराठीत चार आणे गुजराती असते. शांतीने म्हणजे सावकाश.) पण मला सकाळच्या उन्हात बाग बघायची होती. नऊला सयाजीबागेत पोचलो तर म्युझियम साडेदहाशिवाय उघडत नाही. दीड तास फुलांच्या घड्याळाभोवती घुटमळलो. बाग १८७९ची आणि झाडं मोठाली, त्यामुळे वेळ वाईट गेला नाही, पण गेला. म्युझियममध्ये गर्दी असते ती ममीपाशी. मला मात्र निळ्या देवमाशाच्या सांगाड्यापुढून हलवेना. मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला हा देवमासा सुमारे ७० फुटांचा आहे. शेपटीपासून जबड्यापर्यंत चालत जाताना आपण मणके मोजायला लागतो आणि मध्येच चुकतो.

पूल ओलांडला की कीर्तिमंदिर. गायकवाड घराण्याच्या स्मृतीसाठी सयाजीराव महाराजांनी बांधलेलं. आत नंदलाल बोसांची भित्तिचित्रं आहेत: गंगावतरण, मीरा, महाभारत. इथे अर्धा तास पुरतो, पण तो धावतपळत नको.

तिथून शटलने रावपुरा. जेवणाऐवजी सेव उसळ खाल्ली. पांढऱ्या वाटाण्याची उसळ, वर शेव, सोबत पाव, आणि तरी हवी तेवढी वाढून घ्यायची. मिसळीवर वाढलेल्या माणसाने नाक मुरडायचं असतं, म्हणून थोडं मुरडलं आणि दुसरी प्लेट मागवली.

दिवसातला सगळ्यात चांगला तास गेला तांबेकर वाड्यात. हा दिवाण भाऊ तांबेकरांचा लाकडी वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. बाहेरून बघून परत फिरू नका, मजा वरच्या मजल्यावर आहे. तिथल्या खोलीच्या भिंती चित्रांनी गच्च भरल्यात: कृष्णकथा, लढाया, आणि मधूनच गोरे साहेब. खालच्या पट्ट्यातली चित्रं बघायला उकिडवं बसावं लागतं, आणि बसल्यावरच पगड्यांची वळणं, घोड्यांचे लगाम दिसायला लागतात. फ्लॅश अजिबात मारू नका, रंग आधीच उडत चाललेत. खोलीत मी एकटा होतो. बडोद्यात तीस वर्षं राहून मावशीने हा वाडा पाहिलेला नाही!

सूरसागरातल्या शंकराला रस्त्यावरूनच नमस्कार केला. न्यायमंदिर बाहेरूनच बघितलं. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत मात्र जरूर डोकवा. १९१० साली महाराजांनी अमेरिकेहून आणलेल्या विल्यम बोर्डन या ग्रंथपालांनी ती उभी केली. पुस्तकांच्या मजल्यांना जमीन काचेची आहे, वरचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून. ती बघायला आत जायचं तर आधी विचारा, नम्रपणे.

या सगळ्यात सव्वाचार वाजले. खंडेराव मार्केटवरून रिक्षा करून पॅलेसला पोचलो. तिकीट मिळालं, ऑडिओ गाइड गळ्यात आला, पण पाचला बंद. नीट ऐकत फिरायचं तर दीड तास तरी हवाच. दरबार हॉलमधल्या रंगीत काचांपर्यंत आलो आणि रखवालदार हळूहळू मागून दारं लावत यायला लागला. आवारातलं फतेहसिंह म्युझियम, म्हणजे राजा रविवर्म्याची चित्रं, राहिलंच. त्याचं तिकीट वेगळं असतं.

तेव्हा माझ्या उलट्या क्रमाने जा. साडेनऊला पॅलेस, तिथून मांडवी, लायब्ररी, तांबेकर वाडा, कीर्तिमंदिर आणि शेवटी सयाजीबाग. मात्र म्युझियम पाचला बंद व्हायच्या आत गाठा, नाहीतर देवमासा हुकेल. बागेतून स्टेशन चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे संध्याकाळची गाडी असेल तर हाच क्रम सोयीचा. सोमवार टाळा, पॅलेस बंद असतो. पॅलेसच्या आत फोटो काढू देत नाहीत. शटलसाठी दहा-वीसच्या नोटा ठेवा आणि बसण्याआधी 'न्यायमंदिर?' एवढंच विचारा, म्हणजे भाव करायची वेळ येत नाही. सूरसागर ते मांडवी पायीच चाला, त्या गर्दीत रिक्षा तुमच्या मागेच राहते.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी पुन्हा तिकीट काढून पॅलेसमध्ये होतो. मावशीला सांगितलं, भाजी आणायला चाललोय.